वारंवार तुंबणारा वेस्ट पाइप : साधनाची निवड आणि वापर

सिंक किंवा बेसिन तुंबते, रबरी पंपाने चार दाब दिले की मोकळे होते आणि थोड्याच आठवड्यांत पुन्हा तुंबते, अशी तक्रार असेल तेव्हा बहुधा पहिल्या खेपेस अडथळा निघालेलाच नसतो. पाणी जाण्यापुरते भोक तेवढे पडलेले असते. पाइपच्या आतल्या बाजूला चिकटलेला थर तसाच राहतो, त्या अरुंद भोकात नवा कचरा लवकर अडकतो आणि दोन तक्रारींमधले अंतर दर वेळी कमी होत जाते. म्हणूनच सर्वांत जोरदार साधन कोणते, या प्रश्नापासून सुरुवात करण्यात अर्थ नाही. अडथळा कुठे आहे आणि तो कशाचा आहे, हे आधी ठरवावे. साधन त्यावरून ठरते, आणि पुष्कळदा ते दुकानात सर्वांत पुढे मांडलेले साधन नसते.

अडथळा कुठे आहे

घरातील एकाच ठिकाणचे पाणी उतरत नसेल आणि बाकी सर्व सुरळीत असेल, तर अडथळा त्याच सिंकच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे खालच्या पाणी साठवणाऱ्या वळणात, किंवा तिथून सामाईक पाइपपर्यंतच्या तुकड्यात आहे. शेजारशेजारची दोन ठिकाणे एकदम मंदावली असतील, तर दोन्हींचे पाणी जिथे एकत्र येते त्याच्या पुढे पाहावे. वॉशिंग मशिनचे पाणी सुटले की न्हाणीघराच्या जाळीतून वर येते, किंवा कमोड फ्लश केला की बेसिनमध्ये गुडगुड आवाज येतो, अशी लक्षणे दिसू लागली तर मुख्य लाइन तुंबत चालली आहे असे समजावे. तुंबलेल्या लाइनचे पाणी सर्वांत खालच्या तोंडातून आधी वर येते. त्यामुळे जिथे पाणी दिसते तिथेच दोष आहे असे मानून त्या जाळीत स्प्रिंग, म्हणजे पाइप मोकळा करण्याची लवचिक तार, घालत बसणाऱ्यांचा बराच वेळ वाया जातो.

बाहेर तपासणीचे चेंबर असेल तर त्याचे झाकण उघडून पाहण्याइतका खात्रीचा दुसरा उपाय नाही. चेंबर भरलेले असेल तर अडथळा चेंबरच्या पुढे आहे. ते रिकामे असून घरातले पाणी मात्र उतरत नसेल, तर अडथळा घर आणि चेंबर यांच्या मध्ये आहे. झाकण उघडल्यावर तोंडाशी वाकून राहू नये आणि आत तर मुळीच उतरू नये. अशा जागेत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साठलेले असू शकतात, आणि हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढले की नाकाला त्याचा वास येणेच बंद होते.

अंतराचा अंदाज पाण्याच्या मापावरूनही बांधता येतो. ४० मिलिमीटर व्यासाच्या पाइपमध्ये दर मीटरला सुमारे सव्वा लिटर पाणी मावते, तर १०० मिलिमीटरच्या पाइपमध्ये जवळजवळ आठ लिटर. रात्रभरात साठलेले पाणी झिरपून गेल्यावर सिंकमध्ये मापाने पाणी ओतावे. तीन-चार लिटर निमूट गेले आणि त्यानंतर पातळी चढू लागली, तर ट्रॅप उघडून फारसे काही हाती लागणार नाही. अडथळा दोन-तीन मीटर पुढे आहे. मध्ये दुसरी फांदी जोडलेली असेल तर तीही भरते, म्हणून हे अंतर जास्तीत जास्त किती असेल तेवढेच सांगते. अंदाज ढोबळ असला तरी हातातली स्प्रिंग तिथवर पोहोचेल की नाही, हे ठरवायला तो पुरतो.

अडथळा कशाचा आहे, हे बहुतांशी जागाच सांगते. स्वयंपाकघरात तेल-तूप आणि साबणाचा साका असतो, बेसिनमध्ये केस आणि साबण, न्हाणीघरात जवळजवळ निव्वळ केस, आणि कमोडमध्ये वेट वाइप्स (पुसण्याचे ओले रुमाल), कापडाचा तुकडा किंवा हातून पडलेली एखादी वस्तू. पाणी जड असेल तर साबण आणि पाण्यातले कॅल्शियम मिळून न विरघळणारा पांढरट थर तयार होतो आणि बाकी सगळे त्यालाच चिकटते.

पहिले साधन म्हणजे बादली

अडथळा जवळ आहे असे वाटत असेल तर ट्रॅप उघडणे हाच पहिला उपाय असावा, आणि हे काम लोक विनाकारण सर्वांत शेवटी करतात. पाइपला मुद्दाम दिलेल्या या वळणात पाणी साठून राहते आणि गटारातली हवा घरात येऊ देत नाही. १७७५ मध्ये अलेक्झांडर कमिंग या घड्याळे बनवणाऱ्या कारागिराने संडासाच्या भांड्याखाली असे वळण बसवण्याचे पेटंट घेतले, आणि तत्त्व आजही तेच आहे. ज्या वळणात पाणी थांबते त्याच वळणात जड कचराही थांबतो. खाली बादली ठेवून प्लॅस्टिकचे नट हातानेच सैल करावेत, पाना लागलाच तर त्याखाली कापड धरावे. उघडताना वॉशर कोणत्या बाजूने बसवला आहे ते पाहून ठेवावे, कारण निमुळता वॉशर उलटा बसला की पाणी गळते. ट्रॅप दुसऱ्या नळाखाली किंवा बाहेर धुवावा. ज्याखालचा पाइप आता उघडा आहे त्या सिंकचा नळ सवयीने सोडला जातो, म्हणून त्यावर आधीच कापड बांधून ठेवणे बरे. परत जोडताना नट हाताने घट्ट करावेत आणि फार तर पाव फेरा अधिक द्यावा.

बेसिनमध्ये ट्रॅपच्याही आधी एक जागा पाहावी. दाबून उघडमीट होणारे झाकण असेल तर त्याच्या दांड्याला, आणि साधी जाळी असेल तर तिच्या आडव्या पट्टीला, केस गुंडाळले जातात. वरून फक्त दोन-चार केस दिसतात. दातेरी प्लॅस्टिकची पट्टी, जी साधारण अर्धा मीटर लांब असते, ती कडेने सरळ आत घालून न फिरवता सावकाश वर ओढली, की त्या दोन-चार केसांमागून करड्या, बुळबुळीत साक्यात माखलेली वीतभर दोरीच बाहेर येते. ही ओढ हळू हवी. झटका दिला तर गुंता मध्येच तुटतो आणि खालचा अर्धा भाग ट्रॅपमध्ये जाऊन बसतो. केसांसाठी या पट्टीइतके सोपे दुसरे साधन नाही, आणि केसांखेरीज इतर कशासाठीही तिचा उपयोग नाही.

रबरी पंप

प्लंजर, म्हणजे आपला रबरी पंप, दोन प्रकारचा असतो. सपाट कडेचा पंप सिंक, बेसिन आणि जाळीसाठी असतो. ज्याच्या खालून रबराची आणखी एक अरुंद घडी बाहेर येते तो कमोडच्या तोंडात बसण्यासाठी असतो. एकाचे काम दुसऱ्याकडून घेतले की कडेतून हवा निसटते आणि सगळी मेहनत फुकट जाते.

पंपाचा दाब पाण्यामार्फत पोहोचतो. पाणी दबत नाही, हवा दबते. म्हणून पंपाखाली हवा राहिली तर दाब त्या हवेतच जिरतो. रबराची वाटी बुडेल इतके पाणी सिंकमध्ये असावे, वाटी तिरकी करून आत घालावी म्हणजे हवा निघून जाते, आणि पहिला दाब हलकाच द्यावा. बेसिनला वरच्या कडेजवळ जादा पाणी जाण्याचे भोक असते. ते ओल्या कापडाने घट्ट बंद केल्याशिवाय पंप मारणे निरर्थक आहे. जोडसिंक असेल तर दुसऱ्या सिंकचे तोंडही तसेच बंद करावे, आणि न्हाणीघराची जाळी व बेसिन एकाच फांदीवर असतील तर एकावर पंप चालवताना दुसऱ्यावर कोणाला तरी ओले कापड दाबून धरायला सांगावे. मग कड न उचलता पंधरा-वीस दाब सलग द्यावेत. पुष्कळ जण दाबताना जोर लावतात आणि वर येताना पंप सैल सोडतात. प्रत्यक्षात वर ओढणेही तितकेच महत्त्वाचे आहे, कारण ढकलून न हलणारा गोळा मागेपुढे हलवल्यावर सुटतो, आणि पुढे ढकलण्यापेक्षा तो मागे येऊन हाती लागणे केव्हाही चांगले.

ताज्या आणि एका जागी बसलेल्या अडथळ्यावर पंप उत्तम चालतो. मीटर-दोन मीटर पसरलेल्या तेलकट थरावर तो फक्त भोक पाडतो. दर महिन्याला पंप काढावा लागत असेल तर ते या थराचेच लक्षण समजावे आणि पंप बाजूला ठेवावा.

स्प्रिंग, आणि ती हाताला काय सांगते

ट्रॅपच्या पुढच्या अडथळ्यासाठी हाताने फिरवायची स्प्रिंग लागते. ३२ ते ५० मिलिमीटरच्या पाइपसाठी सुमारे ६ मिलिमीटर जाडीची, पाच ते आठ मीटर लांबीची आणि डबीत गुंडाळलेली स्प्रिंग घरी ठेवण्यासारखी आहे. याहून जाड स्प्रिंग ट्रॅपच्या वळणात अडते, आणि ही बारीक स्प्रिंग १०० मिलिमीटरच्या मुख्य लाइनमध्ये घातली तर तिथे वेटोळे करून बसते. चुकीच्या जाडीमुळे होणारी फजिती अपुऱ्या लांबीपेक्षा मोठी असते. डबी नसलेली मोकळी स्प्रिंगही मिळते, पण ती फिरवताना बाहेरचा भाग पिळतो आणि घाण पाणी भिंतीवर उडते.

शक्य असेल तिथे ट्रॅप काढून भिंतीत जाणाऱ्या पाइपमधूनच स्प्रिंग घालावी. पाइपच्या तोंडापासून डबीपर्यंत एक वीतभरच स्प्रिंग उघडी ठेवावी, डबीचा स्क्रू आवळावा, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवत आत सारावे, मग स्क्रू सैल करून आणखी वीतभर सोडावी. हे काम कंटाळवाणे आहे, पण हातभर स्प्रिंग एकदम सोडून फिरवली की ती पाइपच्या बाहेरच मुरगळते आणि कायमची वाकते.

पुढे जाताना स्प्रिंग थांबते तेव्हा ती वळणावर थांबली की अडथळ्यावर, हे ओळखावे लागते. वळणावर ती टणक ठेच लागल्यासारखी थांबते आणि थोडे फिरवले की एकदम सुटून पुढे जाते. अडथळ्यावर ती मऊ थांबते. ढकलले तर थोडी आत जाते, सोडले तर मागे येते, आणि फिरवताना मूठ जड होत जाते. मूठ जड झाली की ढकलणे थांबवावे. तिथेच काही फेरे देऊन गुंता टोकाच्या आकड्यात गुंतू द्यावा आणि त्याच दिशेने सावकाश फिरवत स्प्रिंग बाहेर काढावी. उलट फिरवले तर आकड्यात आलेले सुटून जाते. स्प्रिंग अडकून बसली तरच उलटे फेरे द्यावेत. पाणी खळकन उतरले की काम झाले असे मानून स्प्रिंग गुंडाळून ठेवली जाते, आणि नेमकी इथेच पुढच्या महिन्याच्या तक्रारीची तयारी होते. टोक पुसून पुन्हा आत घालावे, आणि ते स्वच्छ बाहेर येईपर्यंत हे करत राहावे. बाहेर काढण्यापूर्वी पाइपच्या तोंडाशी स्प्रिंगवर चिकटपट्टीची खूण करून अंतर मोजावे आणि ते लिहून ठेवावे. त्याचा उपयोग पुढे सांगितला आहे.

एक अडचण अनेकांना चकवते. एकाच भिंतीच्या दोन बाजूंना दोन सिंक असतील आणि दोन्हींचे पाइप समोरासमोर एकाच उभ्या पाइपला मिळत असतील, तर स्प्रिंग खाली वळण्याऐवजी सरळ समोरच्या पाइपमध्ये जाते. स्प्रिंग विनाअडथळा जाते आहे, पाणी मात्र उतरत नाही, असे असेल तर पलीकडच्या सिंकखाली कान देऊन ऐकावे.

कमोडसाठी साधी स्प्रिंग वापरू नये, तिने चिनी मातीच्या चकाकीवर काळे ओरखडे उठतात. त्यासाठी वेगळी दांड्याची स्प्रिंग मिळते. वाकलेल्या नळीच्या टोकाला रबरी वेष्टण असते आणि आतली स्प्रिंग साधारण मीटरभर पुढे जाते, म्हणजे भांड्याच्या अंगच्या वळणापुरती. आत टणक वस्तू पडली आहे हे माहीत असेल तर तिला पुढे ढकलू नये. ओले-सुके ओढणाऱ्या व्हॅक्यूमने ती मागे येते का पाहावे, नाहीतर भांडे उचलून काढणे हाच मार्ग उरतो.

पावडर, गरम पाणी आणि फेस

पाइप मोकळा करणाऱ्या बहुतेक पावडरींमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक सोडा असतो. पाण्यात तो तापतो, चरबीचे साबणात रूपांतर करतो आणि केस विरघळवतो. पण त्यासाठी तो अडथळ्यापर्यंत तीव्र स्वरूपात पोहोचावा लागतो. भरलेल्या सिंकमध्ये टाकला तर तो वरच पातळ होतो, आणि अर्धवट साबण झालेली चरबी पुढे थंड पाइपमध्ये दगडासारखी घट्ट बसू शकते. कापड आणि प्लॅस्टिक यांवर त्याचा परिणाम होत नाही. ॲल्युमिनियमशी त्याची क्रिया होऊन हायड्रोजन निघतो. पावडर टाकूनही पाणी उतरले नाही, तर सिंकमध्ये आता दाहक द्रव भरलेला आहे. त्यावर पंप मारणे किंवा त्याखालचा ट्रॅप उघडणे धोक्याचे आहे, आणि प्लंबरला बोलावले तर आत काय टाकले आहे हे त्याला आधी सांगितलेच पाहिजे. एका रसायनाने भागले नाही म्हणून दुसरे कधीही ओतू नये. आम्लामुळे कॉस्टिक उसळून अंगावर येते, आणि ब्लीचमध्ये आम्ल मिसळले की क्लोरीन वायू तयार होतो.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांचा फेस दिसायला समाधानकारक असतो. ती दोन्ही एकमेकांना उदासीन करतात, वायू उघड्या तोंडातून निघून जातो आणि खाली सोडियम ॲसिटेटचे पाणी उरते. उकळते पाणीही सरसकट ओतू नये. पीव्हीसी पाइप सुमारे ८० अंश सेल्सियसला मऊ पडतो, आणि चिनी मातीच्या भांड्याला त्याने तडा जाऊ शकतो. नळाला येणारे गरम पाणी आणि भांड्यांचा साबण ताज्या तेलकटपणासाठी पुरेसे असतात. विकरांची (एन्झाइमची) द्रावणे सावकाश काम करतात, म्हणून मोकळ्या केलेल्या पाइपच्या निगेसाठी रात्री वापरावीत. तुंबलेला पाइप त्यांनी उघडत नाही.

स्वयंपाकघराचा थर आणि मुख्य लाइन

तेलकट थर पाइपमध्ये मेणासारखा घट्ट बसतो, आणि बारीक स्प्रिंग त्यातून आरपार जाऊन परत येते. सिंकखालचा पाइप उघड्यावर असेल तर तो सुटा करून ब्रशने धुवावा, किंवा सरळ बदलावा. प्लॅस्टिकचा दीड मीटर पाइप बदलण्यापेक्षा त्यात अर्धा दिवस स्प्रिंग फिरवणे महागात पडते. पाइप भिंतीत किंवा जमिनीत असेल तर पाण्याच्या जेटला पर्याय नाही. त्याच्या तोंडाला मागच्या दिशेने फवारे असतात, ते नळीला पुढे ओढतात आणि पाइपची आतली बाजू खरवडत जातात. गाडी धुण्याच्या प्रेशर वॉशरला जोडायची अशी नळी मिळते. तोंड पाइपमध्ये हातभर आत गेल्याशिवाय पाणी सुरू करू नये, आणि नळीच्या शेवटच्या अर्ध्या मीटरवर ठळक खूण करून ठेवावी, म्हणजे बाहेर ओढताना ती खूण दिसताच मशिन बंद करता येते. दाबाखालचे तोंड मोकळ्या हवेत आले तर ते आवरत नाही.

मुख्य लाइनसाठी चेंबरमधून जोडरॉड, म्हणजे एकमेकांना जोडत लांब करत न्यायचे लवचिक रॉड, घालता येतात. ते सतत घड्याळाच्या काट्याच्या दिशेनेच फिरवावेत. उलट फिरवले की जोड उलगडतो, पुढचा रॉड आत राहतो आणि आधीच्या अडथळ्यात आणखी एकाची भर पडते. विजेवर फिरणारे मोठे मशिन भाड्याने आणण्यापेक्षा ते चालवणारा माणूस बोलावणे शहाणपणाचे आहे. जाड स्प्रिंग अडली की पीळ खाऊन उसळते. तिथे सैल कापडी हातमोज्यांना मनाई समजावी, कारण फिरत्या स्प्रिंगमध्ये ते हातासकट गुंततात. चामडी हातमोजे, पायाने दाबायचा स्विच आणि गळतीच्या विजेला लगेच तोडणारे संरक्षण, एवढे तरी असायलाच हवे.

सगळे साफ करूनही पुन्हा तुंबते तेव्हा

काम झाल्यावर नळ सोडून पाहणे ही अपुरी परीक्षा आहे. सिंक काठोकाठ भरावे आणि एकदम सोडावे. भोवरा शेवटपर्यंत टिकला तर पाइप मोकळा आहे, सुरुवातीला पाणी जोरात जाऊन मग मंदावले तर पुढे अजून काही आहे. त्याच वेळी जोडांखाली कोरडा कागद फिरवून गळती पाहावी.

स्प्रिंग स्वच्छ बाहेर येते आणि तरीही पाणी गुडगुडत, अडखळत उतरते, अशा वेळी छतावर जाणारा हवेचा पाइप तपासावा. पाने किंवा पक्ष्याचे घरटे यांनी तो बंद झाला असेल तर खाली कितीही साफ केले तरी फरक पडत नाही. आणि लिहून ठेवलेली अंतरे दर खेपेस जवळजवळ तीच येत असतील, तर दोष वापरणाऱ्यांचा नसून पाइपचा आहे असे मानायला हरकत नाही. त्या जागी पाइप खचून खोलगट झालेला असतो, जोड आत सरकून त्याची कड वर आलेली असते, जमिनीखाली असेल तर जोडातून झाडाची मुळे शिरलेली असतात, किंवा उतारच पुरेसा नसतो. आडव्या लहान पाइपला दर मीटरमागे सुमारे २० मिलिमीटर उतार हवा. पाइप उघड्यावर असेल तर पाणसळ लावून तो लगेच पाहता येतो, गाडलेला असेल तर कॅमेरा घालून त्याच अंतरावर काय आहे ते पाहून घ्यावे. पाण्याने भरून राहिलेल्या खोलगट भागात कॅमेऱ्याला काही दिसत नाही, पण तो नेमका तिथेच बुडतो, ही माहितीसुद्धा पुरेशी असते. तेवढा तुकडा कापून बदलावा, आणि बदलतानाच त्याच्या अलीकडे वाय-जोड घालून स्क्रूच्या झाकणाचे एक तोंड ठेवून घ्यावे, म्हणजे पुढे कधी गरज पडलीच तर स्प्रिंग किंवा जेटची नळी ट्रॅप न उघडता सरळ तिथून आत घालता येते.